घरचे शिंगरू की कसलेला घोडा?

पत्राचा सारांश : निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या पंधरा वर्षांच्या मुलीने तीन वर्षे नाशिकमध्ये घोडेस्वारीचे शिक्षण घेतले असून आता तिला एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धांत उतरायचे आहे. घरी आठ वर्षांची मारवाडी घोडी आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली ही घोडी ६२ इंच उंचीची, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरे) आणि देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) असलेली असून दोन हंगाम वरातींत नाचली. गेल्या वर्षापासून मात्र कठीण जमिनीवर ती पुढच्या उजव्या पायाने लंगडते. विश्रांती दिली की बरी होते, काम सुरू केले की पुन्हा लंगडते. तिच्या खुराकात संकरित नेपियर, गव्हाचा कोंडा आणि भिजवलेला हरभरा आहे. एका परिचितांकडे प्रदर्शनांत बक्षिसे मिळवलेला ६६ इंची वळू घोडा असून त्याच्याकडून घोडी फळवावी आणि घरच्या शिंगरातून मुलीसाठी घोडा घडवावा, असा पत्रलेखकांचा विचार आहे. मेहुणे म्हणतात, पुण्याहून शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात आणा. वडील म्हणतात, भीमथडीसारखा काटक घोडा दुसरा नाही. या कामासाठी पाच लाख रुपये बाजूला ठेवलेले आहेत. ‘रक्त चांगले असेल तर घोडा घडवता येतो, नाही का?’ असे विचारून ते लिहितात, ‘घोडी तशीही आता चालवण्याजोगी राहिलेली नाही, निदान शिंगरू तरी मिळेल. की यंदा दत्तजयंतीला पुन्हा सारंगखेडा गाठू?’

उत्तर :

तुमचा सारा बेत ज्या वाक्यावर उभा आहे, ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. घोडी चालवण्याजोगी राहिलेली नाही, म्हणून तिला फळवायचे, हा विचार तुमच्या एकट्याचा नाही. बैठकीतून बाद झालेली घोडी पैदाशीला लावण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे आणि वरातीच्या किंवा हौसेच्या घोड्यांच्या बाबतीत ती कदाचित खपूनही जाते. पण तुम्हाला शिंगरू हवे आहे ते ज्या एका गुणासाठी, म्हणजे तासन्‌तास चालून पाय शाबूत ठेवण्यासाठी, नेमक्या त्याच गुणात ही घोडी आज कमी पडते आहे. ती का कमी पडते, याचा छडा लागल्याशिवाय तिच्या पोटी जन्मणाऱ्या शिंगराकडून वेगळी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न मी आधी तुमच्यापुढे ठेवते.

हा खेळ घोड्याकडून काय मागतो, ते थोडे तपशिलाने पाहू. आजच्या स्वरूपातील एन्ड्युरन्सचा उगम साधारणपणे १९५५ साली कॅलिफोर्नियात झालेल्या, एका दिवसात १०० मैल म्हणजे सुमारे १६० किलोमीटर अंतर कापण्याच्या टेव्हिस कपपासून धरला जातो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आजही १६० किलोमीटर हाच मोठा पल्ला असतो. नवे स्वार आणि नवे घोडे साधारण ४० किलोमीटरपासून सुरुवात करतात. अंतर टप्प्याटप्प्याने कापायचे असते आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. विश्रांतीत असलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात; टप्पा संपल्यावर ते ठरावीक मिनिटांच्या आत सहसा ६४ किंवा त्याखाली यावे लागतात. हिरड्यांचा रंग, कातडीची चिमटी सोडल्यावर ती किती लवकर सपाट होते, आतड्यांचे आवाज, पाठीवर दुखरी जागा आहे का, हे सारे पाहिले जाते आणि शेवटी घोडा हाती धरून दुडक्या चालीने पळवून त्याच्या चारही पायांची चाल बघितली जाते. चालीत वाकडेपणा दिसला की घोडा बाद होतो, मग तो सर्वांच्या पुढे का असेना. जगभर या खेळात घोडे बाद होण्याचे सर्वांत मोठे कारण लंगडणे हेच आहे.

आता आपल्या बाजारात घोड्याची किंमत कशावरून ठरते, ते आठवा. उंची किती, कानांची टोके जुळतात का, रंग कोणता, चारही पाय पांढरे आहेत का, गळ्यावर देवमण आहे का, आणि ढोलावर पाय कसा उचलतो. या परंपरेबद्दल मला आदर आहे आणि देखणा घोडा दारात उभा असण्याचे सुख मला समजते, परंतु देवमणाने नळीच्या हाडाला बळकटी येत नाही आणि जुळलेल्या कानांनी ठोके लवकर उतरत नाहीत. कित्येक पिढ्या आपण ज्या गुणांची निवड केली, ते गुण आपल्याला मिळाले; ज्यांची पारखच केली नाही, ते कुणा घोड्यात टिकले असतील, कुणात नसतील. तेव्हा ‘रक्त चांगले’ असे कुणी म्हणाले, की ‘कशासाठी चांगले?’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. तुमच्या परिचितांचा वळू प्रदर्शनात पहिला येत असेल, तर प्रदर्शनाच्या दृष्टीने त्याचे रक्त उत्तमच आहे. त्याची किती पिल्ले खोगिराखाली आली, त्यांतली किती दहाव्या वर्षी अजून न लंगडता काम करतात, हे मात्र तुम्ही त्यांना विचारले आहे का? वळूच्या छायाचित्रांपेक्षा त्याची पाच-सात वर्षांची संतती प्रत्यक्ष चालताना पाहणे कितीतरी उपयोगाचे असते. आणखी एक मुद्दा उंचीचा. शरीर मोठे होत जाते तसे वजन झपाट्याने वाढते, पण उष्णता बाहेर टाकणारी कातडी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून उंच, भरदार घोडा तापतो लवकर आणि निवतो उशिरा. ६६ इंची वळू या खेळासाठी मुद्दाम शोधावा, असे त्यात काही नाही.

घोडीकडे परत येते, कारण तिच्याबाबत मला तुमच्याइतकी निराशा वाटत नाही. लंगडण्यामागे चार-पाच निरनिराळी कारणे असू शकतात आणि पुढचा निर्णय त्यांवर अवलंबून आहे. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर नाचून कंडरा किंवा सांधा दुखावला असेल, तर ती दुखापत आहे आणि ती शिंगरात उतरणार नाही. खुराची पुढची बाजू वाढू देऊन, टाच खाली बसू देऊन वर्षानुवर्षे नाल ठोकले गेले असतील, तर दोष नालबंदाच्या कामाचा आहे आणि चांगल्या हाताने सहा-सहा आठवड्यांनी खूर तासून घेतल्यास काही महिन्यांत फरक दिसू शकतो. मात्र तिचे खूर शरीराच्या मानाने फार लहान असतील, खुराच्या वरचा भाग फार उभा असेल, गुडघा मागे झुकलेला असेल किंवा पाय बाहेर वळलेले असतील, तर ती ठेवण आहे आणि ठेवण पुढच्या पिढीत जाते. तशा घोडीला फळवू नये, एवढे मी स्पष्ट सांगते.

यात एक कारण तुमच्या पत्रातच दडलेले आहे, तो तिचा खुराक. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. संकरित नेपियरमध्ये ऑक्झलेट असते आणि ते आहे ते कॅल्शियमही अडवून ठेवते. गाई-म्हशींचे पोट यातले बरेच निभावून नेते, घोड्याचे नेत नाही. असा खुराक महिनोन्‌महिने चालू राहिला, तर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. घोडा कधी या, कधी त्या पायाने आखडून चालतो, आणि दुखणे वाढले तर चेहऱ्याची हाडे सुजल्यासारखी दिसतात. तुमची घोडी एकाच पायाने लंगडते, त्यामुळे हेच कारण असेल असे मी म्हणत नाही. परंतु अशा घोडीला गाभण ठेवले, तर पोटातले शिंगरू आणि पुढे दूध या दोहोंसाठी तिच्या हाडांवर आणखी ओढ पडेल. कोंडा बंद करून नेपियर कमी करावे, वाळलेले गवत, ज्वारीचा कडबा आणि थोडा लसूणघास सुरू करावा. बदल एकदम न करता दोन आठवड्यांत हळूहळू करावा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. दरम्यान घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडून पायाचे एक्स-रे काढून घ्यावेत आणि पाय टप्प्याटप्प्याने बधिर करून दुखणे नेमके कुठे आहे, हे पाहायला सांगावे. ‘विश्रांती द्या’ हा सल्ला चुकीचा नाही, पण ते निदान नव्हे.

समजा, घोडी निर्दोष निघाली आणि वळूही चांगला मिळाला. तरीही तुमच्या मुलीच्या दृष्टीने हा बेत जुळत नाही, कारण काळाचे गणित त्याला अनुकूल नाही. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. शिंगरू सहा महिन्यांचे झाल्यावर आईपासून तोडतात. गुडघ्याजवळची हाडे जुळायला दोन ते अडीच वर्षे लागतात आणि पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षापर्यंत, कधी त्याहीपुढे, चालू असते. म्हणून लांब पल्ल्याचा घोडा साधारण चौथ्या वर्षी खोगिराला आणून पाचव्या वर्षी फक्त छोट्या पल्ल्यांवर न्यावा, आणि सहाव्याच्या आत त्याच्याकडून १०० किलोमीटरची अपेक्षा ठेवू नये. १६० किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर आठ वर्षांखालील घोडा उतरवताच येत नाही. येत्या हंगामात घोडी फळली, तर शिंगरू जन्मेल तेव्हा मुलगी सोळा वर्षांची असेल, आणि ते पहिली ४० किलोमीटरची फेरी करील तेव्हा एकवीस वर्षांची. आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्समध्ये कनिष्ठ आणि युवा स्वारांचा गट १४ ते २१ वर्षांचा आहे. म्हणजे घोडा तयार व्हायला आणि तिचा गट संपायला एकच गाठ पडणार. शिवाय हे सारे सुरळीत पार पडले तर. घोडी उलटू शकते, म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर येऊ शकते, शिंगरू दगावू शकते, आणि वाढून ते ठेंगणे, भित्रे किंवा नुसतेच आळशी निघू शकते. पैदाशीत यांपैकी कशाचीही हमी नसते.

‘घरच्या शिंगराला खर्च तो काय, चाऱ्याचा’ असेही आपल्याकडे म्हणतात. ४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे ८ किलो कोरडा चारा-खुराक लागतो. वर्षाचे झाले जवळजवळ ३ टन. वाढत्या वयात थोडा कमी धरला, तरी चार-पाच वर्षांचा हिशेब, नालबंद, लस, जंतनाशक, मोतद्दाराचा पगार आणि शेवटी शिकवणाऱ्याचे पैसे हे सारे मांडून पाहा. पहिल्या स्पर्धेपर्यंत घरचा घोडा तयार घोड्यापेक्षा स्वस्त पडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

तेव्हा पैदास करूच नये का? ज्यांना ती करण्यातच आनंद आहे आणि सात-आठ वर्षे थांबण्याची तयारी आहे, अशा वाचकांनी जरूर करावी. आपल्याकडे या कामासाठी विचारपूर्वक पैदास करणारे फार थोडे आहेत. अशांनी घोडी निवडताना वळूइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, काटेकोरपणा ठेवावा. शिंगरू निम्मे रक्त आईकडून घेते, आणि स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) तर केवळ आईकडूनच येते. त्याशिवाय सहा महिने तिच्यासोबत राहून ते माणसांशी कसे वागायचे, अनोळखी जागी घाबरायचे की चरत राहायचे, हेही शिकते. आधी दोन-तीन हंगाम घोडी स्वतः चालवावी, तिचे ठोके, तिचे पाय, तिची भूक यांची नोंद ठेवावी आणि मग तिला फळवावे. वळू दूर असेल, तर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसरात देशी घोड्यांच्या गोठवलेल्या वीर्यावर काम चालते. तिथे चौकशी करावी. शिंगरू दिवसभर खुंट्याला बांधून वाढवू नये. ते सोबत्याबरोबर मोकळ्या, थोड्या चढउताराच्या, मुरमाड जमिनीवर हुंदडले पाहिजे. हाड, कंडरा आणि खूर तिथेच घट्ट होतात. निफाडच्या काळ्या जमिनीत चार महिने चिखलात उभे राहिलेले शिंगरू आणि सिन्नरकडच्या माळावर वाढलेले शिंगरू यांच्या खुरांतला फरक कुणाही नालबंदाला विचारावा.

तुमच्यासाठी मात्र माझा सल्ला खरेदीचा आहे. एखाद्या शिकाऊ ड्रायव्हरला गाडीही नवी आणि रस्ताही अनोळखी देऊ नये, तसेच इथे समजा : मुलीला अजून वेग राखणे, उतारावर घोड्याचा भार हलका करणे, तपासणीआधी ठोके उतरवणे हे शिकायचे आहे, आणि हे शिकवायला या वाटेने आधी गेलेला घोडाच हवा. केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने २०२३ साली फ्रान्समध्ये कनिष्ठ-युवा गटाच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर पूर्ण केले, ही बातमी तुमच्या मुलीने नक्की वाचली असणार. अशा स्पर्धेआधी स्वार आणि घोडा दोघांनाही पात्रता फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात, हेही तिला सांगावे.

कोणता घोडा? या खेळात जगभर अरबी आणि अरबी रक्ताच्या घोड्यांचा वरचष्मा आहे आणि त्यामागे कारणे आहेत : आटोपशीर शरीर, पातळ कातडी, दीर्घकाळ न थकता काम करणारे स्नायुतंतू, कठीण खूर. परदेशातून असा घोडा आणण्याचा विचार पाच लाखांत करू नका. वाहतूक आणि विलगीकरणातच पैसे संपतील. देशात मिळणारा अर्ध-अरबी, वयाने सहा ते नऊ वर्षांचा, ५७ ते ६० इंच उंचीचा घोडा माझ्या यादीत पहिला असेल. खच्ची केलेला नर सर्वांत सोयीचा, कारण मुलीला त्याच्याबरोबर इतर घोडे-घोड्यांच्या गर्दीत तासन्‌तास काढायचे आहेत. मारवाडी किंवा काठियावाडी मुळीच बाद नाहीत. हे घोडे उष्ण, कोरड्या मुलखातलेच आहेत आणि त्यांतले काही रेवाल चालीने स्वाराला न हलवता दूर नेतात. फक्त प्रदर्शनाच्या ओढीतून झालेली उंच, अरुंद छातीची, माजवलेली जनावरे सोडून जरा बुटका, रुंद सांध्यांचा, ‘दिसायला साधा’ म्हणून मागे पडलेला घोडा पाहावा. तो बहुधा स्वस्तही मिळतो.

तुमच्या वडिलांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा घोडा मराठ्यांच्या फौजांत वापरला गेला, आजही धनगर समाजाच्या भटकंतीत तो ओझे वाहतो, आणि अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंदणीही झाली आहे. अडचण वजनाची आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये, असा ढोबळ नियम आहे. ४०० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ८० किलो होते. २५० किलोच्या भीमथडी तट्टासाठी ५०. मुलगी आणि खोगीर यांत बसत असतील, तर ४० किलोमीटरपर्यंतच्या सरावासाठी चांगला भीमथडी तिला फार काही शिकवील, पण दोन-तीन वर्षांत ती त्याला जड होईल. (अधूनमधून आपणही बसू, असे तुम्ही लिहिले आहे, स्वतःचे वजन मात्र लिहिलेले नाही.) मेहुण्यांच्या सूचनेत तथ्य एवढेच, की शर्यतीच्या घोड्याची कागदपत्रे चोख असतात आणि किंमत कमी असते. परंतु हा घोडा थोड्या अंतरावर अतिवेगाने पळण्यासाठी घडवलेला असतो, दोन-तीन वर्षांच्या वयातच त्याच्या पायांवर भार पडलेला असतो, आणि शेजारून दुसरा घोडा पुढे गेला की त्याला आवरणे पंधरा वर्षांच्या मुलीचे काम नाही.

घोडा पाहायला जाल तेव्हा न सांगता, सकाळी लवकर जावे. तो तबेल्यातून बाहेर येतानाची पहिली वीस पावले फार काही सांगतात. खोगीर चढवून, गरम करून ठेवलेला घोडा दाखवला, तर परत दुसऱ्या दिवशी यावे. खूर आधी पाहावेत : पुढचे दोन्ही सारख्या आकाराचे आहेत का, टाचा रुंद आहेत का, खुराच्या बाहेरच्या भिंतीवर आडवी कडी पडली आहेत का. नळी आणि कंडरांवरून हात फिरवून डाव्या-उजव्या पायांची तुलना करावी. गरम, सुजलेला भाग हाताला लगेच कळतो. वरातीत नाचलेला घोडा असेल, तर मागच्या पायांच्या मधल्या सांध्यांवर विशेष लक्ष द्यावे. पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटे दाबत न्यावीत. मग कठीण जमिनीवर सरळ आणि दोन्ही बाजूंनी गोल दुडकी चालवावी, खोगिराविना. वय दातांवरून पडताळावे : समोरचे कायमचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने येतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते, त्यापुढचा अंदाज जाणकारानेच करावा, कारण विक्रेत्याचा ‘सात वर्षांचा’ घोडा कधी कधी बरीच वर्षे सातचाच राहतो.

यानंतर एक चाचणी स्वतः करता येते आणि त्यासाठी स्टेथोस्कोप व घड्याळ पुरते. घोडा तास-दीड तास बेताने चालवून आणावा, दहा-पंधरा मिनिटे उभा करावा आणि डाव्या कोपराच्या मागे ठोके मोजावेत. मग घड्याळ सुरू करून त्याला ३८ मीटर दुडक्या चालीने नेऊन परत आणावे. सुरुवातीपासून बरोबर एक मिनिट झाल्यावर पुन्हा मोजावेत. ठोके पहिल्याइतकेच किंवा त्याहून कमी आले, तर उत्तम. चारपेक्षा जास्त वाढले, तर तो दमलेला आहे, त्याला कुठेतरी दुखते आहे किंवा तो घाबरट आहे, आणि यांतले काय ते शोधल्याविना पैसे देऊ नयेत. त्याच वेळी समोर अनोळखी बादलीत पाणी ठेवावे. परक्या जागी पाणी न पिणारा, चाऱ्याला तोंड न लावणारा घोडा ठोके कितीही चांगले असले, तरी या खेळात त्रास देतो, कारण उन्हात तासाला दहा लिटरपर्यंत घाम गाळणाऱ्या जनावराला ते पाणी आणि त्यातले क्षार वाटेतच भरून काढावे लागतात.

सौदा पक्का करण्याआधी तुमच्या पशुवैद्यांकडून तपासणी आणि रक्ताचे नमुने हे खर्च टाळू नका. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्यानुसार नष्ट करावा लागतो. त्याबरोबर घोड्यांचा संसर्गजन्य पांडुरोग आणि सर्रा यांच्याही चाचण्या कराव्यात. सर्रा गोमाश्यांमुळे पसरतो आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे तो बराच दिसतो, त्यामुळे हिवाळ्यात बाजारातून आणलेला वाळलेला, मधूनमधून ताप येणारा घोडा ‘नुसता प्रवासाने उतरला आहे’ असे समजू नये. रक्तातच वेदनाशामकांचीही तपासणी सांगावी. लंगडणे दोन दिवस झाकणारी औषधे स्वस्त आहेत. धनुर्वाताची लस टोचलेली नसेल, तर घरी आणताच द्यावी आणि नवा घोडा तीन आठवडे तुमच्या घोडीपासून वेगळा बांधावा.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून आणखी दोन गोष्टी. फवारणी झालेल्या बागेतील ओळींमधले गवत घोड्याला घालू नये. आणि कोंबड्यांचे किंवा जनावरांचे तयार खाद्य, ज्यात मोनेन्सिन हे औषध असू शकते, त्याच्या तोंडाजवळही जाऊ देऊ नये. गाईला चालणारी मात्रा घोड्याचा जीव घेते. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन घरोघरी असल्याने हा धोका पुस्तकी नाही.

घोडा आल्यावर घाई करू नये. दम तीन-चार महिन्यांत वाढतो आणि तिथेच फसगत होते, कारण कंडरांना वर्षभर आणि हाडांना त्याहून जास्त काळ लागतो. घोडा धावायला तयार वाटतो आणि पाय अजून तयार नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून चार दिवस कदम (साधी चाल) आणि हलकी दुडकी, कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्याने. आधी अंतर वाढवावे, वेग सर्वांत शेवटी. चढाचे काम त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळा सरल्यावर करावे, भर पावसात नव्हे. एप्रिल-मे मध्ये सूर्योदयाआधी निघून ऊन चढण्याआधी परतावे. मुलीने प्रत्येक फेरीची वही ठेवावी : अंतर, वेळ, परतल्यावरचे ठोके, दहा मिनिटांनंतरचे ठोके, पाणी किती प्याला.

खरेदीआधी मात्र आणखी एक वाट आजमावून पाहावी. मुलीच्या घोडेस्वारी शाळेत किंवा पुण्याकडच्या एखाद्या तबेल्यात छोट्या पल्ल्यांचा अनुभव असलेला घोडा सहा महिन्यांसाठी भाड्याने किंवा अर्ध्या खर्चावर मिळतो का, याची चौकशी करावी. हा खेळ दुरून जेवढा रम्य दिसतो, तेवढा तो पहाटे चारला उठून ठोके मोजताना वाटत नाही. सहा महिन्यांनंतरही तिची ओढ कायम असेल, तर पाच लाख रुपये कुठल्या घोड्यावर घालायचे, हे तिलाच तुमच्यापेक्षा चांगले कळू लागलेले असेल.

राहिला सारंगखेड्याचा प्रश्न. तापीकाठच्या त्या बाजारात, किंवा तुमच्या जवळच्या येवल्याच्या घोडेबाजारात, जरूर जावे, पण पहिल्या फेरीत केवळ पाहायला आणि पैसे घरी ठेवून. बाजारात घोडा न्याहाळता येतो, तासभर चालवता येत नाही, रक्ताचे अहवाल येईपर्यंत थांबताही येत नाही. जो घोडा आवडेल, त्याच्या मालकाचे गाव आणि फोन नंबर घ्यावा, आणि बाजार उठल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या तबेल्यावर जाऊन वरची सारी तपासणी करावी. ‘आत्ताच घ्या, उद्या मिळणार नाही’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला तो घोडा खुशाल दुसऱ्याला विकू द्यावा. आणि या साऱ्या काळात घरच्या घोडीचे एक्स-रे तेवढे पुढे ढकलू नका. तिचा पाय सुधारला, तर मुलीच्या सरावातला अर्धा भार तीच उचलू शकेल.